वॉर्डातल्या मैदानाचं नियोजन करताना आकडेवारीचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण ‘किती जण येतात’ एवढंच मोजून भागत नाही; कोण येत नाही, तेही बघा. व्हिएन्नात १९९०च्या दशकात बागांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की वयाच्या नऊ वर्षांनंतर मुलींचं बागेत येणं खूप कमी होतं, मुलग्यांचं तसं होत नाही. मग १९९९मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या: मोठ्या मोकळ्या जागेचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत यायला लागल्या!

तुम्हीही वही घेऊन बसा. सकाळ, भर दुपार, संध्याकाळ आणि रविवारही धरा. अंदाजे वय, बाई की पुरुष, खेळतायत की नुसते बसलेत, एवढं टिपा. मग जनगणनेतल्या वॉर्डाच्या लोकसंख्येशी ताडून बघा आणि तो तक्ता मैदानासाठी कराल त्या अर्जाला जोडाच.