मुदत २ जुलैची, पण अर्ज ३० जूनच्या आत

तासगावच्या एका भगिनीचे १६ जूनचे पत्र समोर आहे. जवळपास याच मजकुराची आणखी काही पत्रे खणात पडून आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो. या भगिनींचे लग्न जानेवारीत सांगलीत झाले. यजमान टेक्सासमध्ये नोकरीला असल्याने त्या एच-४ व्हिसावर (तिथे नोकरी करणाऱ्याच्या पत्नीला मिळणाऱ्या) ३ मे रोजी डॅलसला उतरल्या. आता पाचवा महिना पुरा झाला असून प्रसूती ऑक्टोबरमध्ये अपेक्षित आहे. निघताना सांगलीतून घेतलेली प्रवास विम्याची पॉलिसी गरोदरपणाचा खर्च देत नाही, हे त्यांना सोनोग्राफीचे बिल हातात पडल्यावर कळले. 'सगळे कव्हर आहे' असे सांगणाऱ्या एजंटावर सांगलीत दावा लावता येईल का, असे त्या विचारतात.

दाव्याचे नंतर पाहू. तुमच्या प्रकरणात निर्णायक आहे ती ३ मे ही तारीख, आणि पत्रात तिचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या विम्यात, २०१४ पासून, स्त्री गरोदर आहे म्हणून तिला नाकारता येत नाही, जादा हप्ता लावता येत नाही, आणि प्रसूतीचा खर्च द्यावाच लागतो. आपल्याकडच्या पॉलिसींत प्रसूतीसाठी असतो तसा प्रतीक्षा काळही तिथे नाही. मात्र या विम्याचे दार वर्षभर उघडे नसते. वार्षिक नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते आणि तिचा विमा १ जानेवारीपासून लागू होतो, म्हणजे तुमच्या उपयोगाचा नाही. एरवी प्रवेश मिळतो तो आयुष्यातील ठरावीक घटनांनंतर, आणि टेक्सासला लागू असलेल्या केंद्रीय विमा बाजारात, म्हणजे असा विमा जिथून घेता येतो त्या केंद्र सरकारच्या व्यवस्थेत, गरोदर असणे ही अशी घटना मानली जात नाही. परदेशातून राहण्यासाठी अमेरिकेत येणे ही मानली जाते, आणि तिची मुदत ६० दिवसांची आहे. ३ मेपासूनचा साठावा दिवस २ जुलै.

परंतु विमा लागू होतो तो योजना निवडल्यानंतरच्या महिन्याच्या १ तारखेपासून. तुम्ही ३० जूनला निवड केलीत तर १ जुलैपासून संरक्षण मिळेल. २ जुलैला केलीत तर मुदतीत असूनही १ ऑगस्टपर्यंत थांबावे लागेल, आणि दोन दिवसांच्या आळसापायी जुलैतील प्रत्येक तपासणीचे बिल यजमानांच्या खिशातून जाईल. शिवाय पहिला हप्ता भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही.

आपल्याकडे अपिलाला उशीर झाला तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज देता येतो, आणि अशा अर्जांवर न्यायालये इतक्या तारखा देतात की मुदत म्हणजे केवळ सूचना असते, असा पक्षकारांचा ग्रह होऊन बसला आहे. तो ग्रह विमानतळावरच सोडून द्यायचा होता.

अर्ज भरताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात. सवयीने ३/५ टाकलेत, तर संगणक ती ५ मार्च वाचेल, आणि ५ मार्चपासूनचे साठ दिवस केव्हाच उलटले आहेत. तुमच्यासाठी तारीख ०५/०३ अशी आहे. प्रवेशाची नोंद असलेला आय-९४ उतरवून घ्या, पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का असेल तर त्या पानाची प्रत काढा आणि दोन्हींवरील तारखा जुळतात का ते पाहा. पुरावे मागितले गेल्यास योजना निवडल्यापासून ३० दिवसांत ते द्यावे लागतात. आधी विमा होता हे दाखवण्याची अट परदेशातून येणाऱ्याला लागू नाही, त्यामुळे प्रवास विम्याची पॉलिसी तिथे जोडण्याच्या भानगडीत पडू नका.

यजमानांच्या कंपनीच्या गटविम्याविषयी मात्र मला रागच येतो. लग्नानंतर ३० दिवसांत पत्नीचे नाव नोंदवण्याचा हक्क त्यांना होता. लग्नाचा दाखला एप्रिलमध्ये मिळाला म्हणून थांबलो, असे तुम्ही लिहिता. पण मुदत लग्नाच्या दिवसापासून मोजतात, दाखल्याच्या नव्हे, आणि दाखला मागाहून देता आला असता. काही कंपन्या पत्नी अमेरिकेत आल्यावरही नाव घेतात, तेही साधारण ३० दिवसांत. ते त्या योजनेच्या मसुद्यावर अवलंबून आहे, म्हणून आजच लेखी विचारा. परंतु कंपनीच्या उत्तराची वाट पाहत विमा बाजारातील अर्ज अडवून ठेवू नका. कंपनीने तुमच्यासाठी देऊ केलेला विमा परवडणारा ठरत असेल, तर बाजारातील हप्त्यावर सरकारी सवलत मिळणार नाही. पूर्ण हप्ता जड वाटेल, तरी भरा.

एवढे सांगूनही २ जुलै उलटलीच, तर बाळाच्या जन्मानंतर ३० दिवसांत कंपनीच्या विम्यात बाळाचे आणि तुमचेही नाव घालता येते, आणि विमा जन्माच्या तारखेपासून लागू होतो. त्यावर विसंबून मात्र राहू नका. आधीच्या तपासण्या त्यात येत नाहीत, आणि आदल्या रात्री दाखल झालात तर त्या रात्रीच्या खर्चावरून वाद ठरलेला. विम्याविना राहण्याची वेळ आली, तर रुग्णालयाकडून खर्चाचा लेखी अंदाज मागून घ्या. २०२२ पासून तो हक्क आहे, आणि बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर वा अधिक वाढले तर १२० दिवसांत हरकत घेता येते. कळा सुरू झाल्यावर आपत्कालीन विभाग पैशांसाठी परत पाठवू शकत नाही, हा १९८६ चा कायदा आहे. बिल मात्र नंतर येतेच. बाळंतपणासाठी मिरजेला परतण्याचा विचार असेल, तर तो डॉक्टरांशी बोलून आणि विमान कंपनीची आठवड्यांची मर्यादा पाहून लवकर करावा.

आता एजंटाविषयी. पॉलिसी सांगलीत घेतली असल्याने सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल, आणि २०१९ च्या कायद्याने त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. यश मिळेल की नाही, ते पुराव्यावर ठरेल. 'सगळे कव्हर आहे' हे वाक्य तोंडी असेल, तर पॉलिसीतील छापील अपवादापुढे ते टिकणे कठीण. पॉलिसी घेताना तुम्हाला चौथा महिना होता. प्रस्तावाच्या अर्जात त्याविषयी प्रश्न होता का, आणि तुमची सही असलेल्या कागदावर उत्तर कोणी लिहिले, हे समोरचा वकील सर्वांत आधी विचारील. कोरा अर्ज सही करून एजंटाच्या हाती देण्याची आपल्याकडची पद्धत किती पक्षकारांना भोवली, ते मी मोजणे सोडून दिले आहे. आणि निकाल लागेपर्यंत तुमचे मूल बालवाडीत जात असेल, असे धरून चाला.

एजंटाचे मोबाइलवरील संदेश पुसू नका. पॉलिसी, प्रस्तावाचा अर्ज आणि पैसे भरल्याची पावती वडिलांकडे तासगावला पाठवून ठेवा. ती कागदपत्रे मी जुलैत पाहीन. त्याआधी मला विमा बाजारातील अर्जाची पोच पाठवा.