सीएफ आहे, बाळ हवंय आणि घरात सगळेच डॉक्टर

प्रश्न: ताई, मी २८ वर्षांची, सांगली जिल्ह्यात राहते. मला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, फुप्फुसात चिकट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) आहे. लहानपणी टीबी समजूनच औषधं दिली, घामातल्या मिठाची टेस्ट होऊन खरा आजार कळला तेव्हा मी नववीत होते. सध्या एफईव्ही-वन (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) ६८ टक्के, वजन ४६ किलो. नवरा सख्खा मामेभाऊ. आम्हाला बाळ हवंय. सासूबाई म्हणजे मामीच, त्या म्हणतात दिवस गेले की सगळी औषधं बंद कर. माहेरचे म्हणतात सरळ सिझर करून घे, कळा झेपायच्या नाहीत. काय करू?

उत्तर: अगं, सिझर राहू दे बाजूला, आधी नवऱ्याचं रक्त तपास. तुझी आई या आजाराची वाहक आहेच (बिघडलेला जीन अंगात आहे, पण आजार नाही), म्हणजे मामा वाहक असायची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलाची चारात एक, जी परक्या मुलापेक्षा कितीतरी जास्त आहे. तो वाहक नसेल तर बाळ फक्त वाहक होईल, आजारी नाही. असेल तर मात्र दर खेपेला ५० टक्के धोका. आणि टेस्ट सांगताना पूर्ण सीएफटीआर जीनचं (ज्याच्या बिघाडाने सीएफ होतो) सिक्वेन्सिंगच सांग, कारण युरोपातल्या नेहमीच्या म्युटेशन्सवर (जीनमधल्या बिघाडांवर) बनवलेली छोटी पॅनल आपल्याकडच्या बऱ्याच म्युटेशन्स सोडून देतात. तुझा रिपोर्ट सोबत ने, मग घरातलं म्युटेशन नेमकं शोधता येतं. तो वाहक निघाला तर आयव्हीएफ करून भ्रूण तपासता येतो, किंवा दिवस राहिल्यावर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन टेस्ट होते. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, मामा-मामींनी नाही!

६८ टक्के चांगलंय गं. साधारण ६० च्या वर असलेल्या बायकांचं बहुतेक नीट पार पडतं, ५० च्या खाली गेलं की बाळ लवकर येण्याची भीती वाढते. फुप्फुसातला रक्तदाब वाढलेला नाही ना, तेवढं टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून बघून घे. उंची लिहिली नाहीस, पण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२ च्या आसपास आणता आला तर बघ. ग्लुकोज पाजून करतात ती शुगर टेस्ट आत्ताच कर, दिवस राहिल्यावर परत करावी लागेल, सीएफमध्ये डायबेटिस गुपचूप येतो.

औषधं बंद करायची नाहीत, हे मामींना माझं नाव घेऊन सांग. पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, नेब्युलायझर, छातीची फिजिओ सगळं चालू, कारण छातीचं इन्फेक्शन वाढलं तर त्याचा त्रास बाळालाच होणार. फक्त लिस्ट आधी डॉक्टरांना दाखव, काही अँटिबायोटिक बदलावी लागतात आणि व्हिटॅमिन ए चा डोस जास्त असेल तर कमी करतात. उन्हाळ्यात घामावाटे मीठ जातं ते भरून काढ, पाय सुजलेत म्हणून कुणी मीठ तोडायला सांगितलं तर आधी छातीच्या डॉक्टरांना विचार.

सिझर फक्त सीएफ आहे म्हणून करत नाहीत. नॉर्मल डिलिव्हरी होते, एपिड्युरल (पाठीत देतात ते भुलीचं इंजेक्शन) घेतलं की कळांनी येणारी धाप कमी होते, उलट पोटावर टाके असले की खोकून कफ काढणं म्हणजे शिक्षा. हॉस्पिटल निवडताना मात्र छातीचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) एकाच छताखाली बघ, भले मिरज-पुण्याला जावं लागलं तरी.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, सीएफ आहे, दहावा आठवडा सुरू आहे. कॅफ्ट्रिओ (सीएफची गोळी) चालू आहे आणि आई रोज पुण्याहून फोन करून गोळी सोड म्हणते.

उत्तर: आपल्या मनाने सोडू नको, अचानक बंद केली की छाती झपाट्याने बिघडू शकते. बहुतेक सीएफच्या डॉक्टरांच्या टीम पेशंटशी बोलून, विचार करून चालूच ठेवतात. एक लक्षात ठेव, औषध वारेतून बाळापर्यंत जातं, त्यामुळे पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासतात त्यात बाळाला सीएफ असूनही ते निसटू शकतं, तिथल्या नर्सला आधीच सांगून ठेव. बाळाचे डोळे मोतीबिंदूसाठी तपासून घे, अंगावर पाजणार असशील तर त्याच्या लिव्हरच्या टेस्टही.