उपसा सिंचन सोसायटीत संचालक व्हावं का?

व्हा की. पण पॅनलवाले "फक्त मीटिंगला सही करायला यायचं" म्हणत असतील तर पळा. नदीचं पाणी पंपाने उचलून शेतांना देणाऱ्या गावच्या उपसा सोसायटीची निवडणूक लागलीय, तुमचं नाव घातलंय आणि संचालकाला वीजबिलात काय बघावं लागतं, असं तुम्ही विचारलंय. मी शहादा तालुक्यात तापीकाठच्या अशाच एका सोसायटीत संचालक होतो.

पाणीपट्टीचा पैसा बिलावर जातो की दुसरीकडे, एवढं बघा. आमच्याकडे दुसरीकडे गेला. केळी-कापूसवाल्यांची वसुली सोसायटीच्या हॉलच्या स्लॅबला लावायचा ठराव चेअरमन नानांनी आणला. "बिल थांबतं, स्लॅब थांबत नाही. निवडणूक आली की बिलमाफी येतेच." सूचक तयार, अनुमोदक तयार. मी म्हटलं, माझा विरोध लिहा. सेक्रेटरीने पेन उचललं आणि नानांच्या तोंडाकडे पाहिलं. नाना हसले, "घरातलं भांडण कागदावर कशाला?" मग प्रोसिडिंग बुक मीच ओढलं, विरोध लिहिला, खाली सही ठोकली. त्या दिवशी चहा कुणी मला विचारला नाही.

उन्हाळ्यात कनेक्शन तोडायची नोटीस आली. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे 15 दिवस मिळतात, तेवढेच. केळी निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेली आणि आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन! पाण्याची एक पाळी चुकली तर घड गेला. मग ठरलं, थकबाकीदाराला पाणी बंद. यादीत वरचंच नाव माझ्या थोरल्या चुलत्यांचं. फिटर म्हणाला, भाऊ, तुम्हीच चला. आबा बांधावरच उभे. "तू घरना शे का सोसायटीना?" मी म्हटलं, आबा, आधी पावती. व्हॉल्वचं चाक गंजलेलं, दोघांनी पाय लावून फिरवलं आणि आबांच्या चेंबरचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरलं. पैसे आले, पण काकूंच्या हाती. पुढे घरातल्या लग्नात आबा माझ्याशी बोलले नाहीत. मात्र त्यांचं पाणी तुटलं हे कळल्यावर बाकीच्यांनी मुकाट्याने भरलं आणि लाईट वाचली.

नंतर ऑडिटमध्ये स्लॅबचा खर्च निघाला. सहकार कायद्याच्या कलम 88 खाली चौकशी लागली, ठरावाला हो म्हणणाऱ्यांवर वसुली निघाली. त्या एका ओळीमुळे मी सुटलो. पारावर नाना अजून सांगतात की मी वैऱ्यासारखं लिहिलं.

याच नानांचं दुसरं टुमणं: वीज कंपनीची कटकट नको, मुळा-प्रवरेसारखी आपलीच वीज संस्था काढू. अहो, 1971 पासून श्रीरामपूरकडे वीज वाटणाऱ्या त्या संस्थेचा परवाना 2011 ला गेला, थकबाकीचा डोंगर मागे ठेवून. सहकारात खोट नाही, कर्नाटकात हुक्केरीची संस्था अजून वीज वाटतेय. बिल न भरता वीज चालत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

बिलाचं म्हणाल तर पंपाचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, सांभाळणारा कपॅसिटर तपासून घ्या. एचटी (उच्चदाब) कनेक्शनला एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी न आलेली धरून ओढलेल्या सगळ्या विजेवर, बिल येतं, पॉवर फॅक्टर पडला की युनिट फुगतात. आणि डिमांड चार्ज (वीज मागणीवरचा स्थिर आकार) पावसाळ्यात पंप बंद असला तरी लागतो, तो वर्षभराच्या पाणीपट्टीत आधीच धरा. तुमचं कनेक्शन एलटी (लघुदाब) असेल तर हे गणित वेगळं, तुमच्या वायरमनला विचारा.

आणि हो, थकबाकीदाराला उभंच राहता येत नाही, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी स्वतःची पाणीपट्टी भरा.

हॉलचा स्लॅब पहिल्या पावसाळ्यापासून गळतोय. त्याची माफी कधी येते ते नानांनी सांगावं.