63चा फरक

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री पाठवलेला तुझा मजकूर मी शुक्रवारी सकाळी वाचला आणि काल परत काढून वाचला. "सर, मोठं असं काहीच बिघडलेलं नाही. घरी सगळे बरे आहेत, नोकरी ठीक चाललीय, कुणाशी भांडण नाही. तरी या आठवड्याने पार पिळून काढलंय. आणि एवढ्या-तेवढ्याने थकले याचीच लाज वाटतेय." या शेवटच्या वाक्यासाठी पत्र लिहायला बसलोय. ते नसतं तर फोनवरच चार गोष्टी बोलून मोकळा झालो असतो.

तर आधी ती लाज. माणसाला मोडतात ते मोठे घाव, बारीकसारीक कटकटींचं काय एवढं, असं आपल्याला वाटतं. शहाण्या माणसांनाही बराच काळ असंच वाटत होतं. 1967 साली होम्स आणि राहे या दोघा अमेरिकी संशोधकांनी आयुष्यातल्या 43 मोठ्या उलथापालथींची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू म्हणजे 100. वर्षभराच्या गुणांची बेरीज करायची आणि माणूस आजारी पडण्याचा संभव किती ते ताडायचं. मला ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा फार आवडली होती. बेरजेची कुठलीही गोष्ट मला आवडतेच. पण 1981 मध्ये रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळंच करून पाहिलं. शंभर मध्यमवयीन माणसांकडून दहा महिने, दर महिन्याला, दोन याद्या भरून घेतल्या. एक रोजच्या कटकटींची, 117 नोंदींची. दुसरी रोजच्या बारक्या सुखांची, 135 नोंदींची. माणसाचं मन किती त्रासलंय हे मोठ्या घटनांपेक्षा कटकटींच्या यादीवरून जास्त नेमकं कळलं.

आणि त्या कटकटी तरी कसल्या? वजनाची काळजी, घरच्यांची तब्येत, वाढत्या किमती, घराची डागडुजी, कामांचा ढीग. सहाव्या नंबरावर काय असेल? वस्तू जागेवर न सापडणं! हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे तू एकटी नाहीस, आणि हे दुखणं आजचंही नाही.

वस्तू न सापडण्यात मी तुझा गुरू आहे. घराच्या किल्ल्या मी रोज सकाळी शोधायचो. कालच्या पँटच्या खिशात, टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली, एकदा तर बाहेर कुलपालाच लटकलेल्या. रोजची तीन-चार मिनिटं, पण ती सकाळची मिनिटं. घरातल्या प्रत्येकावर एकेक संशय घेऊन मगच मी बाहेर पडायचो. असं अकरा वर्षं चाललं. मग एका रविवारी दाराच्या चौकटीशेजारी एक खिळा ठोकला. पाच मिनिटांचं काम. अकरा वर्षं का लागली याचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुधा असं असेल, की कटकट चालू असताना आपण घाईत असतो आणि ती संपली की विसरून जातो. खिळा ठोकायची आठवण नेमकी हातात हातोडी नसतानाच येते.

ऑफिसातल्या माझ्या टेबलाचा खण तुला आठवतो का? नाही आठवणार, तू आलीस तोवर तो शहाणा झाला होता. त्याआधी चार वर्षं तो अडायचा. डाव्या हाताने टेबल धरायचं, उजव्या हाताने हिसका द्यायचा. मग खण एकदम अर्धा बाहेर यायचा आणि टाचण्यांची डबी उलटी व्हायची. दिवसातून दहा वेळा तरी. एकदा वीज गेली म्हणून मेणबत्ती आणून ठेवली होती, ती हातात घेऊन बसलो असताना काय सुचलं कोण जाणे. खण पूर्ण उपसून काढला, उलटा केला आणि तळाच्या दोन्ही लाकडी कडांवर मेणबत्ती घासली. खडूसारखी, चांगली दाबून, पांढरट थर दिसेपर्यंत. टेबलातल्या पट्ट्यांवरही घासली. खण परत बसवला आणि एका बोटाने ढकलला. सुळकन आत गेला. मी तो बाहेर ओढला, परत ढकलला. शेजारचे सहकारी बघत होते तरी सात-आठ वेळा हेच केलं. पुढे दोन-तीन आठवडे तो खण उघडताना मला रोज थोडं हसू यायचं. नंतर ते थांबलं, खण म्हणजे पुन्हा नुसता खण झाला. तेही ठीकच.

म्हणून एवढं कर. येत्या आठवड्यात जे-जे टोचेल ते कागदाच्या एका चिठोऱ्यावर टिपून ठेव. त्यावर विचार करायचा नाही, चांगल्या वहीत लिहायचं नाही. शनिवारी बघ. माझी पैज आहे की त्यातल्या निम्म्या गोष्टी त्याच त्या असतील, आणि दोन तरी खिळ्याने किंवा मेणबत्तीने सुटणाऱ्या असतील. तेवढ्या सोडव. बाकीच्यांना हात लावू नकोस. संध्याकाळी सगळे निघायच्या बेतात असताना बैठक लावणारा माणूस प्रत्येक ऑफिसात एक असतोच. तो खिळ्याने सुटत नाही, आणि मीही त्याच्यावर कधी इलाज शोधला नाही.

जे सुटत नाही त्याच्याबद्दल मात्र एक अनुभवाची गोष्ट. एकदा डोळ्यांदेखत माझी बस सुटली. मी हात केला, चालकाने आरशात पाहिलं, आणि तरी बस गेली. ऑफिसात पोचल्यावर हे मी पहिल्याला सांगितलं. दुपारी दुसऱ्याला सांगितलं, त्यात चालक हसला अशी भर घातली. संध्याकाळपर्यंत चौघांना सांगून झालं होतं आणि रात्री घरी पाचव्यांदा सांगताना माझा आवाज खरोखर चढला होता. बस एकदा चुकली होती. उरलेल्या पाच वेळा मी ती स्वतःच चुकवली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सातशेहून अधिक लोकांच्या रोजच्या कटकटी नोंदवून दहा वर्षांनी त्यांची मानसिक तब्येत पाहिली होती. रोजच्या कटकटींनी ज्यांचं मन जास्त बिघडायचं, त्यांना दहा वर्षांनी मानसिक त्रास होण्याचा संभव जास्त निघाला. तू म्हणशील, मग काय मनात दाबून ठेवायचं? मुळीच नाही. एकदा सांग, मनसोक्त सांग, शिव्या घालून सांग. दुसऱ्यांदा सांगताना भर पडायला लागली, की समज बस पुन्हा सुटतेय.

आता तुझी यादी. सोमवारी सकाळी तू मला तिचा फोटो पाठवला होतास, एकोणीस कामं, प्रत्येकापुढे छोटा चौकोन. अक्षर सुरेख आहे. यादी खोटी आहे. रागावू नकोस, सगळ्यांचीच असते. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी अंदाज निघाला 33.9 दिवस. सगळंच बिनसलं तर किती, असंही विचारलं. तेव्हा म्हणाले 48.6. प्रत्यक्षात सरासरी 55.5 दिवस लागले. म्हणजे सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजही कमी पडला. तुझा चौकोन रिकामा राहतो तो तुझ्या आळसाने नव्हे. सोमवारी तो काढणारी मुलगी ताजीतवानी असते, आणि गुरुवारच्या दमलेल्या मुलीच्या वतीने ती बेधडक वायदे करत सुटते. यादीत बुधवार दुपारनंतरच्या वेळेसाठी काहीच काम लिहू नकोस. सोमवार-मंगळवारचं सांडलेलं भरायला ती जागा लागतेच. आणि खरोखरच रिकामी राहिली, तर असं दान रोज पडत नाही, मजा कर.

सुखांचं आता सांगतो, कारण तुझ्या मजकुरात त्यांचा उल्लेखच नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मंगळवारी माझ्या हिशेबाच्या वहीचा ताळा जमेना. दोन बाजूंत 63चा फरक. सकाळपासून पानं उलटून-उलटून डोळ्यांपुढे आकडे नाचायला लागले होते. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ बसायचे, बोलायचे फार कमी. ते मान वर न करता म्हणाले, "नऊने भाग." भागलं. नऊ साती त्रेसष्ट, बाकी शून्य. "मग आकडे उलटे पडलेत. दोघांत सातचं अंतर असलेली जोडी बघ." कुठल्याही दोन अंकी संख्येचे अंक उलटे केले तर येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आता सगळी पानं वाचायची गरजच उरली नाही. फक्त 18-81, 29-92, 07-70 असल्या जोड्या शोधायच्या. अकराव्या पानावर सापडली. 29 च्या जागी माझ्याच सुवाच्य अक्षरात 92.

दुरुस्त केलं, बेरीज जमली, आणि मी लगेच पुढची वही ओढली. तर त्यांनी माझ्या वहीवर पट्टी आडवी ठेवली. काही बोलले नाहीत. स्वतःच्या पेनाला टोपण लावलं, ते टक्कन बसलं. खुर्चीत मागे रेलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. मिनिटभर असेल. मग पट्टी काढून घेतली आणि आपल्या कामाला लागले. तेव्हा वाटलं, म्हातारा वेळ काढतोय. पुढे लक्षात आलं, की कुठलंही काम पुरं झाल्यावर ते हेच करतात, दिवसातून सहा-सात वेळा, आणि विभागात सगळ्यात कमी चुका त्यांच्याच असतात.

लाझारस यांच्या सुखांच्या यादीत तिसऱ्या नंबरावर काय होतं, ओळख. हातातलं काम पुरं होणं. तुझ्या आठवड्यात अशी पंधरा कामं तरी पुरी झाली असतील. त्यातलं एकही तुला आठवत नाही, कारण तू एका चौकोनात खूण करतानाच दुसऱ्याकडे बघत होतीस. कटकट दार ठोठावून आत येते. सुखाला ती सवय नाही, ते उंबऱ्याशी घोटाळतं आणि कुणी विचारलं नाही की निघून जातं.

म्हणून रोज झोपताना चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सुरुवात करू नकोस, तो सल्ला तुला दहा जणांनी दिला असेल. त्यात तथ्य नाही असं नाही. एमन्स आणि मॅक्कलॉ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात एका गटाकडून कटकटी आणि दुसऱ्याकडून कृतज्ञता वाटलेल्या गोष्टी लिहून घेतल्या, आणि दुसरा गट जास्त समाधानी निघाला. पण त्या प्रयोगात ते लिहिणं आठवड्यातून एकदा होतं. पुढे आणखी एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. मी रोज लिहून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात "आज पेन छान चालला" असं लिहिलं आणि वही मिटली. पेन छान चाललाही नव्हता.

रविवारबद्दल थोडंसं. तू म्हणतेस, उरलेली कामं मी रविवारी उरकते. दिवस, महिना, वर्ष यांच्यामागे निदान पृथ्वी, चंद्र, सूर्य आहेत. सात दिवसांच्या आठवड्यामागे आकाशातली कुठलीच फेरी नाही, माणसांनी आपसांत ठरवून तो टिकवलाय. 1929 मध्ये सोव्हिएत सरकारने तो मोडून पाच दिवसांचा केला. कारखाने अखंड चालावेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. हिशेबाने सुट्ट्या वाढल्या, पाचात एक. पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मित्राची तिसऱ्या. लोक कुरकुरले. दोन वर्षांत ती पद्धत मागे पडून सहा दिवसांचा आठवडा आला आणि 1940 मध्ये सातच्या आठवड्यावर गाडी परत आली. सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या वेळेला जाग येते, पाय चादरीबाहेर पडतो आणि मग आठवतं की उठायचं नाहीये. तो पाय परत आत घेण्यात जे आहे, ते उरकायच्या कामांची यादी उशाशी असेल तर मिळत नाही.

परवा तू फोन केलास तर तुझ्या त्या बैठकवाल्याबद्दल सविस्तर ऐकायचंय. एकदाच.

बाकी क्षेम.

ता. क. तुझ्या टेबलाचा खण अडत असेल तर आधी तो लाकडी पट्ट्यांवर सरकतो का ते बघ. लोखंडी चाकांवर सरकत असेल तर मेणबत्ती लावू नकोस, केरकचरा चिकटून आणखीच बसेल. हेही मी करून पाहिलंय.