अरायव्हल कार्ड भरताना

तुमचा पहिलाच परदेश प्रवास असेल, तर आधी हे सांगतो: डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे त्या देशात पोहोचण्याआधी ऑनलाइन भरायचा आगमनाचा फॉर्म, हा व्हिसा नव्हे. व्हिसा लागत असेल तर तो वेगळा काढावाच लागतो.

सिंगापूर, मलेशिया आणि १ मे २०२५ पासून थायलंड, तिन्ही ठिकाणी हा फॉर्म पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासूनच भरता येतो. आणि तो मोफत आहे! पैसे मागणारी साइट दिसली की लगेच बंद करा. सर्चमध्ये सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिराती असतात, त्यामुळे पत्ता त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचाच आहे ना, हे नीट वाचा.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखेचा होतो. रात्री अकराला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी उतरतं. फॉर्ममध्ये उतरण्याचीच तारीख हवी. मी पहिल्यांदा निघण्याची टाकली होती, सगळं पुन्हा भरावं लागलं. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आडनावाच्या रकान्यात आडनावच. पासपोर्ट क्रमांकातला शून्य आणि ओ तपासा.

लहान मुलांचाही फॉर्म लागतो. हॉटेलचा पत्ता हाताशी ठेवा. शेवटी येणारी पीडीएफ फोनमध्ये उतरवून घ्या, विमानतळावरच्या वायफायवर विसंबू नका.