थायलंडमधील निवृत्तांच्या मुक्कामाची मुदतवाढ

प्रश्न : निवृत्तीनंतर मी चियांग माईला राहतो. वार्षिक मुदत पुढील महिन्यात संपते. बँकेत ८ लाख बाट आहेत. तेवढे पुरेसे आहे का? मुदतवाढीनंतर पुण्याला यावयाचे आहे.

उत्तर : रक्कम पुरेशी आहे; मात्र ती केव्हापासून खात्यात आहे, हे अधिकारी बारकाईने पाहतात. अर्जापूर्वी किमान २ महिने हे पैसे थायलंडमधील बँकेत आपल्याच नावावर असावे लागतात, मुदतवाढ मिळाल्यावर आणखी ३ महिने त्यांना हात लावता येत नाही आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांखाली जाऊ देता येत नाही. अचानक दवाखान्याचा खर्च उद्भवला, तर याच खात्यातून पैसे काढण्याचा मोह होतो. म्हणून घरखर्चाचे खाते वेगळेच ठेवावे, असा माझा आग्रह आहे. अर्जाच्या दिवशी सकाळी थोडी रक्कम भरून पासबुकात ताजी नोंद करून घ्यावी आणि बँकेचे पत्रही सोबत न्यावे. शुल्क १,९०० बाट आहे. पुण्याला निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना अवश्य घ्यावा. तो नसेल, तर देश सोडताच मिळालेली मुदतवाढ रद्द होते. एकदाच परतावयाचे असल्यास त्याला १,००० बाट लागतात.