ॲडव्हान्स मागायला जीभच रेटत नाही

गेल्या काही वर्षांत फ्रीलान्सर लोकांचं एक वाक्य मला पाठ झालंय. डिझायनर असो, भाषांतर करणारा असो नाहीतर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, तिसऱ्या-चौथ्या भेटीत ते येतंच, "मॅडम, काम कितीही सांगा, पण आधी पैसे मागायला जीभच रेटत नाही." माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते झोप लागत नाही, चिडचिड होते म्हणून, आणि खोदत गेलं की खाली थकलेली बिलं निघतात.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. वय २८, सांगलीकडची, पुण्यात भाड्याने राहून लोगो, पॅकेजिंग असली कामं करणारी. आली तेव्हा तीन क्लायंटकडे मिळून ८२ हजार अडकलेले आणि घरभाड्यासाठी तिने भावाकडून उसने घेतलेले. भावाकडे मागताना जीभ रेटली, स्वतःच्या कामाचे मागताना नाही! हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "भाऊ घरचाच आहे हो, तो मला हावरट नाही समजणार."

हावरट. हा शब्द मी वहीत लिहून ठेवला.

पुढच्या वेळी विचारलं, "क्लायंट नक्की काय म्हणेल?"

"म्हणेल, आमच्यावर विश्वास नाही का."

"बरं, मग?"

"मग काम दुसऱ्याला देईल. आणि सगळ्यांना वाटेल ही पैशासाठी काम करते."

"मग कशासाठी करतेस?"

आधी हसली, मग डोळ्यात पाणी आलं. आई घरी ब्लाउज शिवायची, बायका 'नंतर देते गं' म्हणून ब्लाउज घेऊन जायच्या, आणि आई कधी मागायची नाही, वर अभिमानाने सांगायची की आपण कुणापुढे हात पसरत नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिसला मानणारी, म्हणजे त्रास नुसत्या प्रसंगाने होत नाही, त्याबद्दल आपण मनाशी जे घोकतो त्याने होतो असं मानणारी. एलिस स्वतः मुलींशी बोलायला भयंकर लाजायचा, १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन बाकावर एकटी बसलेली दिसेल तिच्याशी बोलायचं असं त्याने स्वतःला बजावलं. शंभरेक जणींशी बोलला. भेटायला तयार झाली ती एकच, आणि तीही आली नाही, पण भीती गेली. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, हिलाही सांगितली, आणि पुढच्या कोटेशनमध्ये ५० टक्के ॲडव्हान्सची ओळ टाकायचा गृहपाठ दिला. तिने ती ओळ चारदा टाइप केली, चारदा डिलीट केली. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की आपण हिच्याशी नुसता वाद घालतोय.

मग एकदा ती उशिरा आली, घामाघूम. "सॉरी मॅडम, कुंभारवाड्यात गणपती बुक करायला गेले होते, ही गर्दी!"

"झाला बुक?"

"हो, हजार दिले, नावाची चिठ्ठी लावली मूर्तीला."

मी सहज विचारलं, "त्याने हजार कसे मागितले गं?"

"कसे म्हणजे? मागितले असे नाहीत. पावतीपुस्तक उघडलं, पेन धरलं आणि म्हणाला, हजार आत्ता, बाकीचे मूर्ती नेताना, नाव काय लिहू?"

"हावरट वाटला?"

"छे हो! उलट बरं वाटलं, आता ही मूर्ती दुसऱ्या कुणाला जाणार नाही..."

आणि ती थांबली. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी अशा वेळी लगेच समजावायला लागायचे, आता गप्प बसता येतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, तो मागतच नव्हता. सांगत होता."

इतके दिवस मी तिच्या 'हावरट'शी भांडत होते, आणि गाठ सोडवली त्या मूर्तिकाराने. पण 'कसे मागितले' हा प्रश्न माझा होता, तेवढं श्रेय घेते. मला त्या दिवशी जाणवलं ते असं की आपल्याकडे भीकही मागतात आणि हक्कही मागतात, क्रियापद एकच, त्यामुळे ॲडव्हान्स मागायचा म्हटलं की तिला आई म्हणायची ते हात पसरणं दिसायचं. मंगल कार्यालयवाला आधी पैसे घेतो, केटरर घेतो, कुणाला अपमान वाटत नाही, कारण ती तिथली पद्धत आहे आणि ते ती पद्धत सांगतात.

मग काम सोपं झालं. तुमचंही असंच होत असेल तर हे करून बघा. रक्कम तोंडावर बोलायला जड जात असेल तर कोटेशनमध्येच लिहा, '५० टक्के आल्यावर काम सुरू होईल', मोठं काम असेल तर टप्पे पाडा, ओरिजिनल फाइल शेवटचे पैसे आल्यावर द्या. 'जमलं तर', 'प्लीज', 'तुम्हाला चालत असेल तर' हे सगळं काढून टाका. आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसा, हे सगळ्यात अवघड, कारण ती शांतता सहन न होऊन आपणच म्हणतो की नाहीतर नंतर दिलेत तरी चालेल. (माझी स्वतःची फी आधी घ्यायला लागायला मला सहा वर्षं लागली, तेव्हा मी काही वरून बोलत नाहीये.) २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्यात उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या छोट्या व्यावसायिकाला फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर चक्रवाढ व्याज, अशी तरतूद आहे, ती नोंदणी जरूर करा. पण कायद्याचा आधार घ्यायलाही आधी तोंड उघडावं लागतं.

त्यानंतर तिने एलिससारखा हिशोब ठेवला, दहा जणांना, ओळखीचे असोत वा नसोत, तीच ओळ घातलेलं कोटेशन पाठवलं. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने "विश्वास नाही का?" विचारलंच, तर हिने लिहिलं, "विश्वास आहे, पद्धत अशी आहे," त्याने ३० टक्क्यांवर घासाघीस करून पैसे टाकले. आणखी चौघांनी काही न बोलता भरले, उरलेले दोघं अजून विचार करतायत. जुन्या ८२ हजारांपैकी ५५ आले. राहिलेले २७ एका लांबच्या काकांकडे आहेत, आणि तिथे मात्र तिची जीभ अजून रेटत नाही, पुढच्या बुधवारी त्यावरच बसणार आहोत.